खोकणारे रिव्हेट

प्रिय जेबेझ,

त्या सोमवारी तुझी विजार साबणात बुडवण्याआधी मी खिसे उलटे केले, तर हातात लाल पुट्टीचा गोळा आला, आत शिशाचे तुकडे. माझ्या चादरींना डाग पडले असते म्हणून मी तुझ्यावर ओरडले. तू पाव चघळत म्हणालास, "अगं केझाया, ती नौकेची न्याहारी आहे. चाटून बघ, गोड लागेल." एनॉकला हसता हसता चहाचा ठसका लागला. माझा नवरा तुझ्या विनोदांना नेहमीच हसायचा. पुढच्याच आठवड्यात तो, तू गोदीत जिच्यावर काम करत होतास त्याच युद्धनौकेवर भट्टीत कोळसा घालायला रुजू झाला.

मीही हसले होते. ते आज मला सहन होत नाही.

धुक्यात त्या नौकेची टक्कर झाली आणि पुढच्या कप्प्यात पाणी शिरलं. शिरू दे, ते तिथेच अडवायला मधली लोखंडी भिंत असते. पण ती भिंत तुझ्या तुकडीने पत्र्याला पत्रा रिव्हेटच्या खिळ्यांनी जोडून बांधली होती. जुन्या कोटासारखी ती शिवणीवर उसवली आणि भट्टीघरातले अकरा जण बुडाले, त्यांत माझा एनॉक. चौकशीत तू बायबलवर हात ठेवून सांगितलंस, "एकेक रिव्हेट मी स्वतः तपासलाय." मग माझ्या शेजारी येऊन बसलास आणि माझा हात धरलास. मी धरू दिला.

मी शाळेत गेले नाही, हे तू चारचौघांत सांगत असतोस. पण कामगारांच्या वाचनालयात नौकाबांधणीचं एक जाड पुस्तक आहे. हिवाळाभर मी ते ओळीवर बोट ठेवून वाचलं. दोन पत्र्यांची भोकं नीट जुळली नाहीत, तर ती कोरून मोठी करायची आणि जाड रिव्हेट तापवून ठोकायचा. त्याला वेळ लागतो. ज्याला साहेबांनी दिलेली तारीख गाठायची असते तो भोकात शिसं आणि पुट्टी दाबतो, वर रिव्हेटचं खोटं डोकं बसवतो, रंग फासतो. ते पान वाचताना माझ्या नाकात पुट्टीचा वास येत होता.

गुरुवारी त्या युद्धनौकेची जुळी नौका पाण्यात उतरणार आहे. तिची भिंतही तुझ्याच तुकडीची. काल रिवाजाप्रमाणे कामगारांच्या घरच्या माणसांना ती बघायला आत सोडलं. मी टोपलीत केकखाली एनॉकची हातोडी आणि खडू नेला. माझ्या धुण्याच्या हंड्याचा रिव्हेट सैल झाला होता तेव्हा तूच शिकवलंस ना, चांगला खणखणतो, खोटा खोकतो? मी भट्टीघरात उतरले आणि भिंत ठोकत गेले. शेजारची मिसेस ग्रिग्ज म्हणाली, "अगं बाई, दार वाजवतेस की काय? आत कोणी राहतं का?" मी म्हटलं, "राहणार आहेत." खोकला ऐकू आला की मी खडूने गोल काढत होते. खडू संपला, भिंत संपली नाही.

आई गेल्यावर तुला मी वाढवलंय, म्हणून हे तुला दुसऱ्या कुणाकडून नको, माझ्याकडून कळावं. मी क्षमा मागत नाही, आणि करणारही नाही. तू रडत दाराशी आलास तर मी दार उघडीन, पण शब्द मागे घेणार नाही. आज सकाळी मी काळा झगा इस्त्री केला, नौदलाच्या तपासनिसाच्या कचेरीत गेले, खडूचे गोल कुठे आहेत ते सांगितलं, आणि तुझं नाव सांगितलं.

तुझीच बहीण,
केझाया