गिऱ्हाइकाची मोड

भांडीबाजार, नाशिक
ता. १८ जानेवारी १९३७

चि. मोतीराम यांस देवरामाचे अ. उ. आ. विशेष.

तुझा तिळगूळ पोहोचला. हलव्याला काटा चांगला आला होता. तीळ मात्र जुने होते.

मुख्य मजकूर असा. निफाडचा मळा विकून आलेले दोन हजार रुपये प्रभात वीज कंपनीच्या नव्या शेअरांत घालावे, असे आपल्या तानूने तुझ्या सांगण्यावरून ठरविल्याचे मला दिवाळीत शेजारच्या वाल्मीक भांडीवाल्याकडून समजले. तिच्याजवळ तेवढेच आहेत. यजमान वारल्यापासून सोळा वर्षांत ज्या बहिणीने मला विचारल्याशिवाय विहिरीचा दोर बदलला नाही, तिचा बेत मला परक्याने सांगावा, हे योग्य की अयोग्य याचा विचार तू करावा. तू मॅट्रिक आहेस. मी मराठी चौथी. तुझी फी कोणी भरली हे लिहिणे मला शोभत नाही, म्हणून लिहीत नाही.

दसऱ्यास तू माझ्या दुकानात माझ्या गादीवर बसून चार लोकांना त्या कंपनीचे गुण सांगितलेस. मी दाराशी उभा होतो. वाल्मीकाने ऐकण्याच्या भरात मलाच पाणी मागितले. तानू तुझ्याकडे आठ दिवस राहून आल्यापासून तुझ्या घरातील विजेचे बटण दाबण्याचे वर्णन तिच्या प्रत्येक पत्रात असते. माझ्या दुकानातील समईच्या उजेडात ती अक्षरे शिकली, त्याचे वर्णन एकाही पत्रात नाही.

कंपनी पोकळ आहे, अशी तीन पत्रे मी तिला लिहिली. तिचे उत्तर आले की, दादांनी कारण लिहिले नाही, राग तेवढा लिहिला. यापुढे नाशिकचे पत्र शेअर घेऊन झाल्यावरच उघडीन. म्हणून तुला विचारतो. ती कंपनी भक्कम कशावरून?

घरी सर्वांस आशीर्वाद. मुलांनी मोठ्या काकांस विसरू नये, असे वाटल्यास सांगावे.

देवराम

---

मनमाड
ता. २३ जानेवारी १९३७

ती. दादांच्या चरणी मोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. दसऱ्यास मला गादीवर आपणच हात धरून बसविले होते, एवढे नम्रपणे आठवण करून देतो. पाण्याबद्दल वाल्मीकास मी समज देईन.

भक्कमपणा पाहण्याची रीत सोपी आहे. कंपनीच्या हाताशी रोख किती आणि डोक्यावर कर्ज किती, याचे प्रमाण काढावे. एक रुपया कर्जामागे जितके आणे रोख जास्त, तितकी कंपनी निर्धास्त. कारण वर्ष वाईट गेले तरी तिचा हप्ता चुकत नाही. प्रभातची बँकेतील रोख चोवीस हजार आहे. इंजिनासाठी काढलेले कर्ज बत्तीस हजार. म्हणजे रुपयास बारा आणे झाले. वीज कंपनीचा पैसा यंत्रांत आणि तारांत अडकलेला असतो. तिच्याजवळ आठ आणे निघाले तरी जाणते लोक मान डोलावतात. माझे स्वतःचे दहा शेअर आहेत, ते उगाच नव्हेत.

छापील ताळेबंद सोबत पाठवितो. प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ लिहिला आहे. अर्जाची मुदत १३ फेब्रुवारीपर्यंत आहे आणि तानूचा अर्ज भरून तयार आहे. कंपनीच्या धुराड्याचा धूर पाहण्यास आपण दोन वेळा जाऊन आलात असे ऐकतो. धुराचे प्रमाण काही निघाले असल्यास कळवावे.

थट्टेबद्दल क्षमा असावी. लोभ आहेच, रागाबरोबर तोही थोडा पाठवीत जावा.

आपला आज्ञाधारक
मोतीराम

---

नाशिक
ता. ५ फेब्रुवारी १९३७

चि. मोतीराम यांस अ. उ. आ. विशेष.

ताळेबंद अकरा वेळा वाचला. तुझी चूक सापडावी याच हेतूने वाचला, हे आधी लिहितो. चूक सापडली.

कर्जाच्या ओळीखाली एक ओळ आहे. तिच्याखाली तू स्वतःच्या हाताने 'ग्राहकांच्या अनामती, सोळा हजार' असे लिहिले आहेस आणि हिशेबात मात्र ती घेतली नाहीस. मी वाल्मीकास विचारले. त्याने घरी वीज घेतली तेव्हा मीटर बसण्यापूर्वी त्याला अनामत भरावी लागली, आणि जोडणी सोडली की ती परत मिळावयाची आहे. तुझ्या चोवीस हजारांत हे सोळा हजार पडलेले आहेत.

आपल्या दुकानात गिऱ्हाईक जुनी फुटकी भांडी आणून टाकते. ही मोड, नवा हंडा त्याच्या हाती पडेपर्यंत, गिऱ्हाइकाची असते. वडील प्रत्येक मोडीस सुतळीने नावाची चिठ्ठी बांधवून घेत. लग्नसराईत तांबे संपले तरी एकाची मोड दुसऱ्याच्या हंड्यासाठी भट्टीत गेली नाही. दुकानात आहे म्हणून ती दुकानाची होत नाही. तसेच हे. कंपनीची स्वतःची रोख आठ हजार, कर्ज बत्तीस हजार. रुपयास चार आणे.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे की, मार्चअखेर कर्जाचा बारा हजारांचा हप्ता द्यावयाचा आहे. आठांतून बारा जात नाहीत. उरलेले चार नवे भागीदार देणार, आणि त्यांत दोन आपल्या तानूचे.

हे मला रविवारी समजले. आज शुक्रवार आहे. मधले चार दिवस मी गप्प राहिलो. पैसे बुडाले म्हणजे तानू पुन्हा मलाच विचारील, असे मनात आले होते. तुला ठाऊक असावे म्हणून लिहिले; त्यावर उत्तर नको.

माझे पत्र ती मुदतीत उघडणार नाही. मी स्वतः निफाडास गेलो तर दादांचा राग आता गाडीत बसून आला, असे म्हणेल. तेव्हा तू लिही. आजच्या टपालाने, तुझ्या नावाने लिही. माझे नाव त्यात येऊ नये. तुझ्या दहा शेअरांचे तू पाहून घे. तू मॅट्रिक आहेस.

देवराम

---

निफाड
ता. १४ फेब्रुवारी १९३७

ती. दादांस तानूचा शि. सा. न. वि. वि.

अर्ज पाकिटात घालून डिंक लावला होता. बुधवारी मोतीभाऊंचे पत्र आले, म्हणून पाकीट तसेच राहिले, आणि काल मुदत संपली. रक्कम पोस्टात ठेवली. मोतीभाऊ स्वतःचे शेअरही विकणार आहेत.

कंपनीतील अनामत म्हणजे गिऱ्हाइकाची मोड, ती आपली समजू नये, असे त्यांनी फार चांगले समजावून लिहिले आहे. मी ते पत्र दोनदा वाचले. मोतीभाऊ सहाव्या वर्षी शाळेत गेले ते पुन्हा दुकानाकडे वळले नाहीत. हंडा कोणता आणि घागर कोणती, हे त्यांना अजून वहिनींना विचारावे लागते. मोडीच्या चिठ्ठ्या मी लिहीत असे आणि सुतळी तुम्ही बांधीत असा. माझी पहिली अक्षरे पाटीनंतर त्याच चिठ्ठ्यांवर उमटली. तेव्हा मनमाडच्या शिक्क्याचे पत्र आले तरी ते कोठून निघाले, हे मला कोणी सांगावयास नको.

तीन पत्रांत हे एक कारण लिहिले असते तर, दादा, मी चौथे पत्र उघडले नसते का?

विजेचे दिवे मात्र चांगले असतात, असे मी म्हणणारच. प्रकृतीस जपावे आणि रागावला असाल तरी पत्रात दोन ओळी जास्त घालाव्या.

तुमची
तानू

---

नाशिक
ता. १७ फेब्रुवारी १९३७

चि. सौभाग्यवती असे लिहिण्याचे दिवस गेले, म्हणून केवळ चि. तानूस देवरामाचे अ. उ. आ. विशेष.

मोतीरामने लिहिले ते मोतीरामने लिहिले. त्याने लहानपणी येता जाता मोड पाहिली असेल. त्याची बुद्धी पूर्वीपासून चांगली आहे, असे सर्व लोक म्हणतात. तू या बाबतीत अधिक तर्क करू नये.

पोस्टातील पुस्तक जपून ठेवावे. विजेच्या दिव्याखाली वाचल्यास डोळे लवकर जातात, असे वाल्मीकाचा अनुभव सांगतो.

पुढे कधी काही विचारावयाचे झाले तर तू मोतीरामला अवश्य विचारावे. माझी हरकत नाही. नाशिकला पत्र मात्र त्याच्या एक दिवस आधी टाकावे.

देवराम