बाबांच्या बाजूचं दार

प्रिय खोडकरा,

या नावानं हाक मारल्यावर अजून हसू येतं का रे तुला? सुनेनं दिराचं नाव घ्यायचं नाही, म्हणून या घरात आल्या आल्या मला तुझ्यासाठी नाव शोधावं लागलं होतं. तू तेव्हा शेंबडा पोरगा. पहिल्याच दिवशी माझ्या नव्या बुटात जिवंत मासा सोडलास, त्यामुळे फार शोधावंही लागलं नाही. पाकिटावरचं तुझं खरं नाव अक्तोतीनं लिहिलंय. बघ, तुझ्या पुतणीचं अक्षर किती सुधारलंय. काकाला काय लिहितेस म्हणून सारखी विचारत होती. म्हटलं, गाडीबद्दल लिहितेय.

आणि खरंच गाडीबद्दलच लिहितेय. बाबांची उआझ जीप तुझ्या दादानं दुरुस्तीला काढलीय. मेकॅनिक नाही, कोणी नाही, स्वतः! पाण्यातून ओढून आणल्यापासून ती कोठारामागे पडून होती, तुला ठाऊक आहे. माशांच्या खाऱ्या पाण्यानं आपल्याकडच्या सगळ्याच गाड्यांचा तळ कुजतो, आणि ही तर अख्खी समुद्रात जाऊन आलेली. या वसंतात ह्यांनी एकदम ताडपत्री काढली, शेजारच्या उतेगेनचं वेल्डिंग मशीन मागून आणलं आणि गाडीखाली शिरले. मी म्हटलं, अहो, तुम्ही जाळी फेकणारे, तुम्हाला हे जमणारे का? तर म्हणाले, जमवायचंय. पहिल्या दिवशी पत्र्याला इतकी भोकं पाडली की मी विचारलं, जोडताय की चाळण करताय?

तू काम करायचास तेव्हा पत्रा पायानं दाबून धरायला मीच असायचे ना, त्यामुळे बघून बघून थोडं मलाही कळतं. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जायचं, आवाज खणखणीत येईल तिथवर कापायचं, गंजाच्या कडेशी थांबायचं नाही. वेल्डिंगचा टाका इथे एक, मग तिकडे लांब एक, हात लावून बघायचं, गार झाला की पुढचा. ह्यांना धीर कुठला? सलग ओढत गेले, आणि पत्रा कढईतल्या शेल्पेकच्या पुरीसारखा टम्म फुगला. उतेगेन कुंपणावर हात टेकून म्हणतो कसा, “काय रे, समोवार करतोयस की मोटार?” एरवी ह्यांनी त्याला सोडला नसता. या वेळी नुसता फुगलेला पत्रा कापून काढला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून लावलाय, त्यावरची निळी अक्षरं ड्रायव्हरच्या पायाखाली उलटी दिसतात. गोधडीला ठिगळं लावावीत तसं झालंय सगळं, पण पाय आरपार जात नाही एवढं नक्की.

मला एकच कळेना. दोन्हीकडचा तळ झाला, चाकांवरचा पत्रा झाला, मागची बाजू झाली, पण बाबा बसायचे त्या बाजूच्या दाराला हे हात लावीनात. बाकी सगळीकडे लाल प्राइमर आणि ते एक दार तसंच, गंजलेलं आणि मिटलेलं. विचारलं की म्हणायचे, “राहू दे ते.” मला वाटलं, बाबांची आठवण येत असेल. वेडी मी.

खोडकरा, आता ते लिहायला हवं. नको वाटतंय, पण लिहिते.

बाबा गेले त्या वर्षीच्या शरदात तू तळ कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी दांडे आडवे वेल्ड केले होतेस. मी हसले होते, म्हटलं, गाडीला तुरुंगात टाकलं का? तू म्हणालास, “वहिनी, तळ काढला की सगळं अंग खाली बसतं, मग दार चौकटीत अडकतं. आणि बर्फावर दार अडकणं म्हणजे काय, ते बाबांना विचार.” बाबा तिथेच उभे. त्यांची एकच घाई, “समुद्रावर बर्फ धरला, गाडी कुठंय? तुझी ही नक्षी होईपर्यंत वसंत यायचा!” तू दांडे काढलेस, दार पाच-सहा वेळा उघडून मिटून दाखवलंस, आणि ते म्हणाले, “हं, आता माणसाच्या हातची वाटते.” त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही.

बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून त्यावर दारं उघडी टाकूनच जायचं, हा नियम बाबांनीच गावाला लावलेला. दार मिटून बर्फावर जाणाऱ्याला ते मूर्ख म्हणायचे. आणि त्या दिवशी बर्फ फुटून गाडी पाण्यात गेली तेव्हा त्यांचंच दार उघडलं नाही. हे आपल्या बाजूनं बाहेर पडले, पाण्यात उतरून बाहेरून दार ओढत राहिले. मागून आलेल्यांनी छपराचं कापड फाडून बाबांना वर काढलं, पण तोवर सगळं संपलं होतं. घरी आल्यावर हे एकच वाक्य बोलले, “दार उघडलं नाही.” मग पुरून आल्यावर उतेगेननं डोकं हलवलं, “तळ कापताना चौकट बसली असणार. पोरानं कच्चं काम केलं.” तू तेव्हा आलेल्या माणसांच्या हातांवर पाणी घालत होतास. तांब्या हातात तसाच धरून म्हणालास, “दांडे मी लवकर काढले.” तुझं ते बोलणं कुणी खोडलं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, पण एकाच्याही तोंडून “नाही रे” निघालं नाही. आईंनी तोंड फिरवलं.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं आणि तू निघालास. आईंनी तुझ्याकडे बघितलं नाही, पण नान पुढे धरली, आठवतंय? तू एक घास चावलास आणि उरलेली त्यांनी फडक्यात बांधून भिंतीवर टांगली, परत येणाऱ्या माणसासाठी टांगतात तशी. तेव्हापासून त्यांनी तुझा विषय काढला नाही. पण त्या फडक्यावरची धूळसुद्धा कुणाला झटकू देत नाहीत, स्वतः झटकतात. दात पडले, गुडघे गेले, तरी खुर्चीवर चढतात आणि मी खाली खुर्ची धरून बोंबलत असते.

उतेगेन तिकडे अक्ताऊ शहरात गेला होता तेव्हा तू त्याला बाजारात भेटलास. हातगाडी ओढतोस म्हणे. त्यानं विचारलं, वेल्डिंग का सोडलंस, तर तू म्हणालास, “लोकांच्या दारांना हात लावायची भीती वाटते.” उतेगेननं हे आमच्या चुलीपाशी बसून सांगितलं. मी शुक्रवारचे शेल्पेक लाटत होते, बाबांच्या नावाचे. रडू आवरेना, सगळं पिठात पडलं. तुझ्यासारखे हात, आणि ते कांद्याच्या पोत्यांना लावायचे!

आता गेल्या आठवड्याचं. हे समुद्रावर गेले होते. मला वाटलं, ते एक दार राहिलंय तर निदान धुऊन काढू, प्राइमर तरी लागेल. घासता घासता चौकटीचा रंग निघाला आणि खाली चार टिकल्या दिसल्या, वेल्डिंगच्या, घासून सपाट केलेल्या. तुझे दांडे होते तिथेच. म्हटलं, बघा, पोरानं दांडे लावलेच होते, उगाच बोलतात. मग दुसऱ्या बाजूनं आत शिरून गाळ काढायला सीटखाली हात घातला आणि दोरी हाताला लागली. दाराच्या आतल्या मुठीपासून सीटच्या पायापर्यंत ताणून बांधलेली, जाळ्याची नायलॉनची दोरी. मिठानं दगड झालेली.

तुला सांगायला नको, या घरातली जाळी मीच शिवते. कुणाची गाठ कुठली ते मला डोळे मिटून कळतं. तू घाईत दोनदा वळवतोस. उतेगेनची गाठ सैल, त्याच्या तोंडासारखी. आणि ज्याचं मधलं बोट अर्धं तुटलंय तो दोरी उलट्या बाजूनं फिरवतो. अशी गाठ आपल्या गावात एकाच माणसाची आहे. मी तिथेच, त्या चिखलात, बसले.

थोड्या वेळानं सुरी आणून दोरी कापली, गाठ मात्र तशीच ठेवली. आणि दार ढकललं. बिजागऱ्या कण्हल्या, पण दार उघडलं रे! कुठेही न घासता, कुठेही न अडकता, पार शेवटपर्यंत. इतकं पाण्यात राहून, मिठात राहून. तुझ्या चौकटीत काडीचाही फरक पडला नव्हता.

हे समुद्रावरून परतले तेव्हा मी चहा ओतला आणि वाटीशेजारी दोरी ठेवली. वाटी बाजूला सारून ह्यांनी गाठीवर ते अर्धं बोट ठेवलं. मग म्हणाले, “बाबांना खोकला होता. किनाऱ्याच्या रस्त्यावर वाऱ्यानं दार सारखं उघडत होतं, कडी झिजलेली. म्हटलं, बर्फ लागेपर्यंत बांधतो. लागला की सोडतो.” पुढचं मला विचारावं लागलं नाही. बाबांना डुलकी लागली, ह्यांचं लक्ष बर्फाच्या रंगाकडे, आणि गाठ राहून गेली. बापाला थंडी लागू नये म्हणून बांधलेली गाठ! त्याबद्दल मी त्यांना एक शब्दही बोलले नसते, देवाशप्पथ. पण तुम्हाला हे कळलं कधी, म्हणून विचारलं. तर म्हणाले, “पुरलं त्याच दिवशी.” म्हणजे तू तांब्या घेऊन उभा होतास तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मग मात्र माझा तोल गेला. काय काय बोलले ते लिहीत नाही, तू अजून लहान आहेस.

“गाडी नीट करून त्याला नेऊन देणार होतो, मग सांगणार होतो,” म्हणाले. बघ हे पुरुष! तोंड उघडायच्या आधी ह्यांना पत्रा जोडावा लागतो.

आई पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकत होत्या. भिंतीला धरत आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, “मी माझ्या लेकराकडे पाठ केली, ते तू बघत उभा राहिलास.” एवढंच. आणि त्या रडल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. गेलेला काळ कसा परत आणायचा रे? तुझं लग्न व्हायचं होतं, कोठाराशेजारी तुझं दुकान व्हायचं होतं, पाटी मी रंगवणार होते.

तर हे पत्र मी का लिहितेय ते ऐक. हे तुझ्याकडे यायला निघालेत. मशीन परत द्यायला गेले तेव्हा उतेगेनच्या अंगणात चार माणसांसमोर त्यांनी सगळं सांगून टाकलं, आणि पुढच्या आठवड्यातल्या आगगाडीचं तिकीट काढलं. खरं तर उद्याच निघणार होते, मीच आठवडाभर अडवलं. का, सांगते. मी तुला ओळखते. मोठा भाऊ दारात दिसला की तू उठशील, आलिंगन देशील, त्याचे बूट नीट ठेवशील, चहा ठेवशील, आणि तो पहिला शब्द बोलायच्या आत “जाऊ दे दादा” म्हणून मोकळा होशील. या घरात धाकट्यानं मोठ्यावर रागवायची सोयच नाही. म्हणून आधी हे पत्र. हे वाच आणि रागव, मनापासून रागव. भांडी फेक. दादाला शिव्या दे, मला दे, आईंनाही दे, इथवर ऐकू येणार नाही. पाकिटात गाठ घातलीय, ती सोडलेली नाही. ते आले की त्यांच्या पुढ्यात ठेव आणि चहा लगेच ठेवू नकोस. आधी त्यांना बोलू दे, शेवटपर्यंत, तुझ्या तोंडावर. मग काय करायचं ते तू ठरव. माफ करू नयेसं वाटलं तर नको करूस, मी तुझ्याच बाजूनं आहे. आणि यावंसं वाटलं तर ये. ते दार मी कुणाला रंगवू दिलेलं नाही, आणि तुझी नान अजून भिंतीवर आहे.

तुझीच, बुटातला मासा न विसरलेली,
वहिनी