अध्यक्ष, संवाद मंडळ, यांजकडून आत्यास

ती. कांताआत्यास,

सम्यकचा कमरेत वाकून जय भीम. गुडघा कसा आहे? तू फॅमिली ग्रुप सोडलास, मला ब्लॉक केलंस (मी काय केलं होतं? मी फक्त पप्पांचा मुलगा आहे), म्हणून हे हातानं लिहितोय. भायखळ्याहून ठाकूरद्वारला बस अर्ध्या तासात येते, पत्राला चार दिवस लागतील. तेवढ्यात राग उतरला तर पत्राची वाट न बघता फोन कर.

तर, मी कॉलेजच्या संवाद मंडळाचा अध्यक्ष झालोय. अभिनंदन नको. निवडीच्या दिवशी मी गैरहजर होतो, आणि गैरहजर माणसाला नाही म्हणता येत नाही. मंडळाचं काम एवढंच, की ज्यांचं पटत नाही त्यांनी समोरासमोर बसायचं. नियम एकच: समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल असं आपल्या तोंडानं सांगायचं, मगच आपलं बोलायचं. पहिल्या बैठकीला नऊ जण आले (पाच वडापावसाठी). विषय होता 'कॉलेजातली जात'. पण अभयनं पंखा लावला आणि रश्मीनं बंद केला. मग चाळीस मिनिटं 'म्हणजे तुला उकडतंय असं तुझं म्हणणं आहे का?', 'नाही, माझं उकडणं तुला दिसत नाही असं म्हणणं आहे', हेच चाललं. शिपाईकाका वर्ग बंद करायला आले तेव्हा जात होती तिथंच होती, पंखाही.

दुसऱ्या बैठकीला म्हटलं, खरं भांडण आणू. घरात तयार होतंच. रागावू नकोस, पण मी तुमचंच सांगितलं: चाळीची दुरुस्ती निघाली तेव्हा पप्पांनी रखमाआजीचं शिलाई मशीन तुला न विचारता भंगारात दिलं, आणि आठ महिने तुम्ही बोलत नाही. लगेच दोन पक्ष पडले. तुझ्या बाजूला सात, पप्पांच्या बाजूला दोन, त्यातला एक मी (एकशेऐंशी फुटांच्या खोलीत मशीन ठेवलं तर मी झोपू कुठे?).

एवढ्यात दारात पप्पा! मी विसरलेला डबा द्यायला आले होते, किती वेळ उभे होते कोण जाणे. मला वाटलं, मंडळ बरखास्त. ते तावातावानं सुरू झाले, "अरे, जागा कुठे होती..." पण रश्मीला कुणाचीच भीड नाही. म्हणाली, "काका, आधी आत्यांचं सांगा. मग तुमचं."

पप्पांनी डबा बाकावर ठेवला. म्हणाले, "ताई म्हणते, मशीन आईचं होतं, एकट्या वसंताचं, म्हणजे माझं, नव्हतं. ताई म्हणते, त्याच मशीनवर तिनं स्वतः माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूचा शर्ट शिवला, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज बाजूला ठेवून."

रश्मी नियमाची पक्की. "काका, शर्टाचं सम्यक काहीच बोलला नव्हता."

"ताईसुद्धा कधी बोलली नाही," पप्पा म्हणाले.

मग 'आता तुमचं बोला' म्हटलं, तर पप्पांनी एक वडापाव खाल्ला आणि गेले. जाताना माझा डबाही परत घेऊन गेले. संध्याकाळी भंगारवाल्याकडे जाऊन आले; मशीन केव्हाच पुढे गेलेलं. आल्यावर आईनं चहा ठेवला, तो गार झाला.

बाकी घरी सगळे बरे. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
सम्यक

ता. क. मंडळाचा अहवाल काल प्राचार्यांना दिला. त्यात 'निष्पत्ती' हा रकाना रिकामा चालत नाही, म्हणून मी 'एक कौटुंबिक वाद मिटला' असं लिहून टाकलंय. वीस तारखेला प्राचार्य तो वाचतील, त्याच्या आत मिटव. रविवारी जेवायला ये, मटण आहे.

ता. क. दोन. या पत्राचं पप्पांना काही ठाऊक नाही.

ता. क. तीन. ठाऊक झालं. तुझा खोली नंबर आणि पिनकोड मला येत नव्हता. पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील.