तिलवाऱ्याला सोडलेली कासवं

बाबा, अकरा वर्षं हे लिहायचं टाळत आले. दहावीनंतर शाळा सुटली, मग एका शहरात टिकलेच नाही. मध्ये भेडाघाटच्या दुकानात संगमरवराची कासवं विकली. हसू नका. कासवांचंच सांगायचं आहे.

फॅक्टरीतून आलात की तुम्ही सायकल भिंतीला टेकवायचात आणि डब्यातली उरलेली पोळी घेऊन मागच्या तळ्यावर जायचात. पायरीवर ते तळं ठेक्यानं घेतलेले शिंगाडेवाले कक्का तुमची वाट बघत बसलेले असतात. पोळीचा तुकडा पडला की काळ्या माना वर येतात. "मेलेलं, सडलेलं, जे कोणाला नको ते हे खातात," तुम्ही म्हणता, "म्हणून बाकीच्यांना चांगलं पाणी मिळते." माझं लक्ष मानांकडे. कक्का म्हणतात, "बाबूजी, बिटिया को कछुए गिनने की नौकरी लगवा दो!"

मग तुम्ही खाट धरलीत. शेजारच्या चाची म्हणाल्या, "एक कछुआ नर्मदा मैया में छोड़ आ, पापा उठ के बैठ जाएँगे." आपल्या घरात नवस चालत नव्हता, म्हणून चोरून. पोळी दाखवायची, जवळ आलं की उचलायचं, ओल्या पोत्यात घालून सायकलनं तिलवाऱ्याला, नर्मदेच्या घाटावर न्यायचं. पहिलं सोडलं त्या दिवशी तुम्ही वाटीभर वरण-भात जेवलात. झालं! उन्हाळा संपेपर्यंत मी तळ्यात एकही ठेवलं नाही.

आधी मेलेले मासे काठाला लागले, ते तिथंच राहिले. पाणी सडलं, वर हिरवी साय धरली. सकाळी जिवंत मासे तोंड वर काढून धापा टाकायचे, मग तेही उलटे तरंगायचे. बगळे दुसरीकडे गेले. गोगलगायी खाणारं कोणी उरलं नाही. पावसाळ्यात लावलेल्या शिंगाड्याच्या पानांची गोगलगायींनी चाळणी केली. एवढं सगळं कासवांच्या एका जातीवर उभं होतं, हे तुम्ही सांगितलं होतंत, मी ऐकलं नव्हतं. मोहल्ल्यानं ठरवलं, कक्कांनीच कासवं विकली. त्यांच्याकडून तळं काढून घेतलं.

"काहून वं, तळ्याचा वास येऊन राहिला का?" तुम्ही खाटेवरून विचारलंत. मी म्हटलं, नाली तुंबली. मग मोहल्ल्याचं बोलणं तुमच्याही कानावर आलं. कक्का भेटायला आले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. ते पाणीही न पिता गेले. मी दारामागे उभी होते. "बाबा, मी नेली," एवढंच बोलायचं होतं. तुम्ही माझ्यावर रागावला असतात, पण त्यांच्याशी बोलला असतात. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

परवा परत आले. तळ्यावर गेले. पायरी आहे अजून. पोळीचा तुकडा टाकला. तो तसाच भिजून फुगला.

थांबा, फाटक वाजलं. आई ओरडते आहे, "अगं बाई, कक्का!" त्या दिवसानंतर ते या दारात आले नव्हते. आता काठी टेकत अंगणात उभे आहेत. "सुना बिटिया लौट आई है. सोचा, देख आऊँ."

खरं सांगू बाबा? तुम्ही उत्तर देणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत होते. कक्कांना मराठी वाचता येत नाही. तोंडानंच सांगावं लागेल.