घासून जुळलेले मणी

प्रिय मावशी,

आजीच्या माळेत जुन्या मण्यांबरोबर नंतर ओवलेले नवेही होते. ती वाटताना तू एकसारखे, चकाकणारे मणी स्वतःला घेतलेस आणि वेडेवाकडे आईला दिलेस, हे ऐकतच मी मोठी झाले. "जुनं स्वतःला, बाजारातली काच मला!" असं म्हणत आईने तुझ्याशी बोलणं टाकलं.

घरातली पहिली पदवीधर मी, आता संग्रहालयात जुने मणी ओळखायला शिकते आहे. काल आईची माळ भिंगाखाली धरली. मण्यांतले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट झाले आहेत. पूर्वी वितळलेली काच हाताने ओढून नळी करत आणि तिचे मणी कापत, त्यांत असं होई; बाजारातल्या साच्याच्या मण्यांत नाही. शेजारचे मणी एकमेकांवर घासून इतके झिजलेत की एकाची फुगीर कड दुसऱ्याच्या खळग्यात अलगद बसते. किती गळ्यांवर रुळल्यावर काच अशी झिजत असेल!

म्हणजे जुने मणी तू आईला दिलेस, आणि तरी आरोप सोसत राहिलीस?

आईने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ही बया तेव्हाच का नाही बोलली?"

"तू बोलू दिलंस का?"

आता आई ती माळ घालून दारात उभी आहे. "पुरे तुझं लिखाण! चपला घाल. पत्राआधी आपणच पोचू."

तेव्हा हे पत्र माझ्याकडेच राहील. मावशी, तू फक्त दार उघड.

तुझी,
धाकटीची लेक