संगीताचं बोट

३ नोव्हेंबर
नेवाशाहून साहेब आले. चहा संपवला आणि मग तोंड उघडलं. म्हणे पोस्ट तोट्यात आहे, वरून सुधारणा आलीय, उत्पन्न नसलेल्या गावच्या शाखा मोठ्या शाखेत मिळवणार. "रजियाबाई, तुमची शाखा धोक्यात आहे. वाचवायची तर आणखी खाती उघडा."
आणखी? उन्हाळ्यात ह्यांच्याच सांगण्यावरून मी आणि आमचे पोस्टमन भागाकाका घरोघर मशीन घेऊन हिंडलो, अर्ध्या गावाच्या बायांचे अंगठे घेतले. कशाला म्हणून एकीनंही विचारलं नाही. आपा म्हणतेय ना, मग लाव अंगठा. पुढे ती खाती कुणी उघडून पाहिली नाहीत. मीसुद्धा नाही. आता अंगठ्यांचं लोणचं घालू?
अब्बांनी जन्मभर ह्याच ओसरीवर पोस्ट चालवलं. माझ्या हातून बंद पडलं तर कबरीतून उठून मुस्काटात मारतील.

८ नोव्हेंबर
मागच्या गल्लीतल्या दत्तूनं बायकोला बडवलं. कोयत्याच्या मुठीनं. हात मोडला संगीताचा. तिला सरकारकडून महिन्याला येणारे पैसे बँकेत येईनासे झालेत. कार्ड दत्तूच्याच खिशात, तरी म्हणतो, तूच काढलेस, माहेरी दिलेस. मी धावत गेले तोवर सगळं उरकलं होतं. चिमुरडी पोर दाराआड उभी. दत्तू हात धूत होता, जेवायला बसायच्या आधी धुतात तसे.

१२ नोव्हें.
संगीता आली. उजवा हात बोटांच्या टोकापर्यंत प्लास्टरमध्ये.
"आपा, तुमच्या मशीनवर बगा ना, माझं काई हाय का."
डावा अंगठा ठेवला. हिरवा दिवा. आणि पडद्यावर पैसे. बँकेत न आलेले सगळे.
साहेबांना फोन लावला. ते अगदी थंडपणे, "अहो, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं, सरकारी पैसे तिथंच जातात. माहीत नव्हतं तुम्हाला?"
नव्हतं! सांगितलं होतं कुणी? मोबाईल भिंतीवर आपटला. काच गेली.
म्हणजे हात दत्तूनं मोडला, पण मशीन घेऊन तिच्या दारात मी गेले होते.
संगीता रडली नाही. म्हणाली, "त्याला कळू देऊ नका. पलास्टर निघालं की पोरीला घिऊन देवळालीला भनीकडं निघती. पोरीला उचलून चालायला दोन हात लागत्यात. तवर ऱ्हाऊ द्या इथंच." शपथ घातली. मी घेतली.
बाकीच्या बायांनाही एकेकीला गाठून सांगायचं, बोभाटा न करता. उद्यापासून टपाल वाटताना भागाकाका सांगतील.

१३ नोव्हें.
काकांना उद्या म्हणायला नको होतं. कालच, रात्रीच, मीच

(तेव्हा लिहवेना. आता लिहिते.)
सकाळी पारावर काकांना सायकलवरून ओढलं. त्यांनी दोन-तीन घरी सांगितलं, तोवर गावभर झालं, पोस्टानं बायांचे पैसे खाल्ले. बोलूसुद्धा दिलं नाही. उसाच्या टिपऱ्यांनी मारत मारत माझ्या ओसरीपर्यंत आणलं. ज्यांच्या पोरांच्या नोकरीची पत्रं ह्या माणसानं चिखलातून पोचवली, तेच. पत्रपेटी भिंतीतून उपटली. काकांचं तोंड रक्तानं भरलेलं, दात बाहेर पडत होते. दत्तू सगळ्यांच्या पुढे. त्यानं काकांच्या मानेवर पाय दिला.
माझ्या हातात तारखेचा शिक्का होता, लाकडी मुठीचा, वजनदार. तो दत्तूच्या कपाळावर घातला. कातडं फाटलं, रक्त डोळ्यात उतरलं. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
मग जमाव माझ्यावर आला. कुणीतरी वेणी धरली. मी बोंबलले, "कुणी नाही खाल्ले! सगळ्यांचे पैसे ह्याच मशीनमध्ये आहेत, आणा बायांना!"
सगळे थांबले. काका वाचले.
दत्तूनं बाहीनं रक्त पुसलं. हसला. "समद्यांचे? मंग माझ्या बी बायकूचे?"
नाही म्हणायचं होतं. पण सगळ्यांचे म्हणून बसले होते. दोन दिवसही शपथ टिकली नाही माझी.

१७ नोव्हें.
सकाळपासून बाया रांगेत. पैसे काढून नेताहेत. कुणी नजर वर करत नाही. एकीनं काकांसाठी अंडी आणून ठेवली, तिच्याच नवऱ्यानं टिपरू हाणलं होतं. अंडी परत केली. काका नगरला दवाखान्यात, जबडा तारेनं बांधलाय, चावणार कशानं?
साहेबांचा फोन. तक्रार देऊ नका, शिक्क्याचं प्रकरणही निघेल. मग आवाज एकदम गोड. "पण उलाढाल छान दिसतेय हं!"

१८ नोव्हें.
दत्तू तिला दंडाला धरून घेऊन आला. कपाळावर टाके. "लाव बोट."
संगीताचा डावा हात फडक्यात. दत्तूनं हिसडा मारून सोडला. पाचही बोटांची टोकं फोडांनी पांढरी.
"भाकर करताना तवा लागला," ती म्हणाली. माझ्याकडे बघूनच म्हणाली.
आधारला सगळी बोटं नोंदलेली असतात, म्हणून मी एकेक बोट मशीनवर ठेवलं. तिनं हूं की चूं केलं नाही. मशीनला एकही बोट ओळखेना. दत्तूनं तिथंच तिच्या कानाखाली काढली. मी शिक्का उचलला तसा तो पायरी उतरला.
आयुष्यभर भाकरी थापणाऱ्या बाईची पाचही टोकं एकदम भाजत नाहीत. भाजायची म्हटलं तर तव्यावर हात दाबून धरावा लागतो. तिला शिव्या द्याव्यात की पोटाशी धरावं, कळेना. आत जाऊन मीच रडले, नंतर कपाट लाथेनं फोडलं.

२१ नोव्हें.
विहिरीवर संगीताला गाठलं. चल, पोलिसात जाऊ. नको म्हणाली. पोर सासूच्या ताब्यात असते, आधी ती हातात येऊ द्या. मी म्हटलं, मी येते पोरीला आणायला. "तुमी शिक्का घिऊन याल, आपा." पहिल्यांदाच हसलेली पाहिली तिला.

२५ नोव्हें.
साहेब पेढे घेऊन आले! शाखा राहतेय. उत्पन्न दिसलं म्हणे. पुढच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवर मशीन फिरवा. पेढ्यांचा पुडा त्यांच्या गाडीच्या काचेवर फेकला. काकांच्या दातांवर वाचलेलं पोस्ट. अब्बा, बघताय ना?
पत्रपेटी अजून ओसरीत आडवी पडलीय.

२ डिसेंबर
दत्तू रोज तिला आणतो. रोज पाची बोटं. रोज मशीन नाही म्हणतं. कातडी भरत आलीय, रोज थोडी जास्त. मी तिला डोळ्यांनी विचारते, ती मान फिरवते. परत तव्याकडे जाईल ही. नको गं.

४ डिसेंबर
आज करंगळीला हिरवा दिवा लागला.
दत्तू दारात तंबाखू मळत होता. मी दिव्यावर तळवा ठेवला. म्हणाले, नाही घेत. आवाज कसा सरळ निघाला, अल्ला जाणे. संगीतानं दिवा पाहिला होता. तिनं करंगळी मुठीत दाबून धरली.
दत्तू आत आला, आधी मशीनकडे आणि मग माझ्या हाताकडे बघत राहिला. "हात काढा की, आपा."
काढला. तोवर दिवा विझला होता.
"उद्या परत आणतो," म्हणाला. "उद्या मी हितंच, मशीनपाशी बसनार."
प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघणार. शिक्क्याची मूठ त्या दिवसापासून हलत होती. आत्ता पाचर मारून घट्ट केली.