साहेब झोपले नव्हते

साहेब, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली. मी तुमच्या कोर्टातल्या शिरस्तेदारांची मुलगी. ज्यांना तुम्ही निलंबित केलंत, त्यांची.

तुमची सगळी गोष्ट मला बाबांकडून पाठ झाली होती. तुमचे वडील बगदादहून आले, कॅम्पात कापड विकू लागले, तुम्ही त्याच दुकानात तागे उचलता उचलता कायदा शिकलात, आणि शाळेत ज्या ज्यू मुलाचं नावही कुणी धड घेत नव्हतं तो जिल्हा न्यायाधीश झाला. तुमचं मराठी ऐकून वकील चाट पडायचे म्हणे. बाबांना तुमचा कोण अभिमान! एका रविवारी फाइली पोचवायला ते मला तुमच्या बंगल्यावर घेऊन आले होते. तुमच्या आईने स्वयंपाकघरात मला स्टुलावर बसवून खजूर भरलेली बिस्किटं दिली, उरलेली कागदात बांधून दिली. त्या आणि तुम्ही आपसात भराभर अरबीत बोलत होतात.

पुढच्याच वर्षी एका दाव्यातलं मूळ मृत्युपत्र गहाळ झालं. आपण ते कुणाला दिलेलं नाही, असं बाबा परोपरीने सांगत होते. तुम्ही भरल्या कोर्टात म्हणालात, "कागद तुमच्या ताब्यात होता. बाकी मला काही ऐकायचं नाही." तीन वर्षं चौकशी चालली आणि मग तो कागद दुसऱ्याच फाइलला शिवलेला सापडला. बाबांना परत घेतलं, पण तोवर तुम्ही बढतीवर मुंबईला गेला होतात. तुमच्याकडून एक ओळ आली नाही. त्या तीन वर्षांत आई शेजारच्या हळदीकुंकवालाही गेली नाही. मी चौदा वर्षांची होते, पण कधीतरी तुम्हाला माझ्यासमोर असंच निरुत्तर झालेलं बघायचं, हे माझं तेव्हाच ठरलं होतं.

दोन हजार आठच्या मंदीने ती वेळ आणली. दुबईतले निम्मे टॉवर अर्धवट राहिले, नवऱ्याची कंपनी खलास झाली, आणि अल कुसैसमधलं घर चालवायला मी लवादाच्या सुनावण्या टाइप करायचं काम धरलं. मरीना भागातल्या एका ऑफिसात एक बिल्डर आणि त्याच्याकडे फ्लॅट घेतलेले लोक भांडत होते. त्यांचा निवाडा करायला भारतातून एक निवृत्त न्यायमूर्ती आले, ते तुम्ही. माझं आडनाव बदललेलं. तुम्ही ओळखलं नाहीत.

तिसरा दिवस. साक्षीला साइटवरचा इंजिनियर उभा आहे, बगदादचाच. तो अरबीत बोलतो, दुभाषा त्याचं इंग्रजी करतो, आणि तुम्ही डोळे मिटता. वीस मिनिटं. पेन हलत नाही. मध्येच तो काहीतरी तिरकस बोलतो आणि दुभाष्याने तोंड उघडण्याआधी तुम्हाला हसू येतं. ते फक्त मला दिसतं.

दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या वकिलाने तक्रार केली, की न्यायमूर्ती साक्षीत झोपले होते. मी तुमच्या समोर बसत असल्यामुळे मला विचारलं गेलं. मी म्हणाले, "डोळे मिटलेले होते, सर. काही लिहून घेतलं नाही." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"अरबी माझ्या आईची भाषा," एवढं तुम्ही म्हणाला असतात तरी पुरलं असतं. पण मग ती कशी, हे कुणीतरी विचारलंच असतं, आणि आपण ज्यू आहोत हे त्या काळात, त्या शहरात तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही चष्मा पुसलात आणि या कामातून बाजूला होतो म्हणालात. त्यानंतर तुम्हाला कुणी लवाद म्हणून बोलावल्याचं मी ऐकलं नाही.

लिफ्टपाशी तुम्ही मराठीत म्हणालात, "मी ऐकत होतो, हे तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या वडिलांचंही कुणी ऐकलं नव्हतं," मी म्हणाले, आणि त्यांचं नाव सांगितलं. तुमचा चेहरा मी नीट बघून घेतला.

संध्याकाळी घरी शिरा केला. लेक म्हणाली, "व्हाय शिरा, मम्मा? इट्स नोबडीज बर्थडे." मी दोनदा वाढून घेतला. मला पश्चात्ताप झाला नाही. आजही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा शेवटचंही लिहून टाकते. त्याच आठवड्यात शुक्रवारी मी बाबांना फोन केला होता. तुम्हाला कसं घालवलं, ते सगळं सांगायचं होतं. पण साहेब भेटले, एवढं ऐकूनच त्यांचा आवाज असा काही फुलला, की माझ्या तोंडून भलतंच निघालं. साहेबांनी तुमची माफी मागितली, असं सांगितलं मी. मग बाबा म्हणाले, "मला ठाऊक होतं."